इफची अट खोटी निघाली, तरी $? शून्यच कसा?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. शेल स्क्रिप्टवाल्यांनी जरा लक्ष घाला.

एका पतसंस्थेच्या सर्व्हरची देखभाल हल्ली माझ्याकडे आली आहे. आधीचे गृहस्थ सोडून गेले, जाताना लेखी असं काहीच ठेवलं नाही. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक बॅश स्क्रिप्ट चालते आणि सगळा डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवते. काही बिघडलं तर मेल यायला हवा. परवा एक जुनी फाइल हवी होती म्हणून डिस्क उघडायला गेलो, तर डिस्क जोडलेलीच नाही! साफसफाईत कोणीतरी केबल काढून ठेवलेली. शेवटच्या बॅकअपची तारीख बघून पोटात गोळाच आला. मेल मात्र एकही नाही.

मेलची यंत्रणा ठणठणीत आहे. मागे एकदा डिस्क भरली होती तेव्हा मेल आलेला, तो अजून इनबॉक्समध्ये आहे.

स्क्रिप्टचा गाभा खाली देतोय (माउंटपॉइंट म्हणजे डिस्क जोडली आहे का ते बघणारी कमांड, आरसिंक म्हणजे फाइली कॉपी करणारी). इथल्या एडिटरमध्ये रोमन धड उमटत नाही म्हणून कोडही देवनागरीतच लिहिलाय, देन आणि फायच्या आधी अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम पडलाय, चालवून घ्या.

```
#!/बिन/बॅश
इफ माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, देन
    आरसिंक -ए /डेटा/ /बॅकअप/डेटा/
फाय

इफ [ $? -एनई ० ], देन
    एको "बॅकअप फसला" | मेल -एस "बॅकअप" अ‍ॅडमिन
फाय
```

माझा हिशेब असा: डिस्क नसेल तर माउंटपॉइंट अपयशी, म्हणजे $? मध्ये (आधीच्या कमांडचा एक्झिट कोड, शून्य म्हणजे यश) शून्य सोडून काहीतरी, म्हणजे खालची अट खरी, म्हणजे मेल. टर्मिनलवर माउंटपॉइंट एकटाच चालवून $? बघितला तर शून्य येतही नाही. पण पहिल्या फायच्या (इफ तिथे संपतो) खाली एको $? टाकलं की ०. हे कसं काय?

---

लामणदिवा

फायनंतरचा $? हा अटीचा नसतो, अख्ख्या इफचा असतो. तुमचा घोळ तिथेच आहे.

पॉझिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टिमचं प्रमाण) नियम सरळ आहे. देन किंवा एल्सपैकी जी शाखा चालली, तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड तोच इफचा कोड. कुठलीच शाखा चालली नाही तर शून्य. अटीतल्या कमांडचा कोड फक्त कुठे वळायचं ते ठरवण्यापुरता, त्यानंतर इफ तो पुढे देत नाही.

```
इफ फॉल्स, देन एको "आत", फाय
एको $?
```

चालवून बघा. "आत" छापलं जाणार नाही आणि खाली ० येईल.

डिस्क भरली तेव्हा मेल का आला तेही यातच आहे. तेव्हा अट खरी होती, आत आरसिंक चालला, तो पडला आणि शाखेतली शेवटची कमांड तोच असल्यामुळे त्याचा कोड बाहेर आला. म्हणजे स्क्रिप्ट अर्धी बरोबर होती. उद्या कोणी हौसेने आरसिंकच्या खाली एको "संपलं" अशी ओळ घातली असती तर तोही मेल बंद. एको सहसा पडत नाही, त्याचा कोड शून्य.

एक सांगतो, माउंटपॉइंटची तपासणी काढू मात्र नका. ती नसती तर आरसिंकने /बॅकअप या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळच्याच डिस्कवर, सगळं ओतलं असतं. ज्याने लिहिली त्याचा विचार चांगला होता.

---

खडीसाखर

@लामणदिवा, चालवून बघितलं. ०च. धन्यवाद!

पण हा नियम असा उफराटा का? अट खोटी निघाली तर १ द्यायला काय जात होतं?

---

लामणदिवा

उफराटा नाही. "फाइल असेल तर पुस" असं आपण सांगतो आणि फाइल नसते. मग काम बिघडलं का? नाही, करायला कामच नव्हतं. म्हणून शून्य.

केसचंही तेच, एकही नमुना जुळला नाही तर ०. व्हाइलचा फेरा एकदाही फिरला नाही तर ०.

---

चौकातला_खांब

पायथॉन वापरा की राव. शेलमध्ये कोण लिहितं अजून.

---

बारा_गडगड

@चौकातला_खांब, पायथॉनमध्ये सबप्रोसेसच्या रनला चेक=ट्रू दिलं नाही तर तोही अपयश गिळून गप्प बसतो. भाषा बदलून हा प्रश्न सुटत नाही.

@खडीसाखर, एल्स घाला. एल्समध्ये शिरल्यावर अगदी पहिल्या ओळीत $? हा अटीतल्या कमांडचा खरा कोड असतो. तो तिथल्या तिथे व्हेरिएबलमध्ये पकडायचा:

```
इफ माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, देन
    आरसिंक -ए /डेटा/ /बॅकअप/डेटा/
एल्स
    आरसी=$?
    एको "माउंट नाही, कोड $आरसी"
फाय
```

एको आधी आणि आरसी=$? नंतर अशी अदलाबदल झाली की हाती एकोचा शून्य येतो.

दुसरा खड्डा उद्गारचिन्हाचा. बरेच जण "पडलं तर" असं लिहायला इफ ! माउंटपॉइंट ... देन वापरतात. वाचायला छान वाटतं, पण त्या देनमध्ये $? कायम ० असतो. ! ने कोड उलटा केलेला असतो: पडलेल्याचा शून्य, यशस्वीचा एक. मूळ आकडा काय होता ते $? मधून कळायला मार्ग नाही. नुसतं पडलं एवढंच कळायला हवं असेल तर खुशाल वापरा. का पडलं ते हवं असेल तर नको.

मी स्वतः बहुतेक ठिकाणी हे लिहितो:

```
आरसी=०
कमांड || आरसी=$?
```

यात कोड हरवत नाही, आणि सेट -ई (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) लावलेलं असलं तरी स्क्रिप्ट इथे मरत नाही.

---

पिंपळपार

+१. एल्समध्ये शिरलो म्हणजे अट "खोटी" होती असंही धरून चालू नका. कमांड सापडलीच नाही तर कोड १२७, फाइल आहे पण चालवता येत नाही तर १२६. इफला त्याचं सोयरसुतक नाही, शून्य नाही ना, मग एल्स. क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो. एखादी कमांड /युएसआर/लोकल/बिनमध्ये असेल तर टर्मिनलवर सगळं झकास आणि रात्री क्रॉनमध्ये १२७. मग स्क्रिप्ट बिनधास्त म्हणते "डिस्क नाही", आणि तुम्ही केबल तपासत बसता.

---

उत्तररात्र

इकडे अजून सकाळ आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. वरच्या उदाहरणापेक्षा वाईट प्रकार मी आमच्याकडच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये बघितलाय. बारकाईने वाचा, पटकन दिसत नाही.

ग्रेपचे (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) कोड तीन: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, आणि फाइलच नाही किंवा वाचता येत नाही असं काही झालं तर २. हे माहीत असलेल्या कोणीतरी शहाणपणाने लिहिलं होतं:

```
ग्रेप -क्यू "एरर" /लॉग/रात्र.लॉग
इफ [ $? -ईक्यू ० ], देन
    एको "एरर आहेत"
एलिफ [ $? -ईक्यू १ ], देन
    एको "सगळं ठीक"
एल्स
    एको "लॉग वाचता आला नाही"
फाय
```

हेतू शंभर टक्के बरोबर. आता लॉग फाइल गायब आहे असं धरा. ग्रेप २ देतो. पहिली अट: २ म्हणजे ० का? नाही. पण ही अट तपासणारा चौकोनी कंस ही स्वतःच एक कमांड आहे. "नाही" हे उत्तर ती आपल्या एक्झिट कोडनेच देते, आणि तो कोड असतो १. म्हणजे एलिफच्या ओळीवर पोहोचेपर्यंत $? मधला २ पुसला गेलाय, तिथे आता पहिल्या कंसाचा १ बसलाय. मग एलिफ विचारतो, १ आहे का? आहे. छापा "सगळं ठीक".

पहिली अट खोटी ठरली की दुसरी हमखास खरी. तिसऱ्या शाखेत ही स्क्रिप्ट जन्मात जाणार नाही. लॉग नाहीसा झाला तरी अहवाल हिरवागार.

उपाय तोच, एकदा पकडा आणि केस लावा:

```
आरसी=०
ग्रेप -क्यू "एरर" /लॉग/रात्र.लॉग || आरसी=$?
केस $आरसी इन
    ०) एको "एरर आहेत" ;;
    १) एको "सगळं ठीक" ;;
    *) एको "लॉग वाचता आला नाही" ;;
ईसॅक
```

शेलचेक नावाचं फुकट टूल आहे. त्यात नेमकी यासाठीच एक सूचना आहे, क्रमांक २३१९: हा $? कमांडचा नाही, अटीचा आहे. स्क्रिप्ट कितीही छोटी असो, एकदा त्यातून काढाच.

---

साधा_माणूस

चौकोनी कंस ही कमांड आहे??? मी इतकी वर्षं त्याला व्याकरण समजत होतो.

---

बारा_गडगड

@साधा_माणूस, एलएस /युएसआर/बिन/[ करून बघा, बहुतेक लिनक्सवर त्या नावाची खरोखरची फाइल सापडेल. बॅश वेगासाठी आपल्या पोटातली वापरतो एवढंच. टेस्ट या कमांडचं ते दुसरं रूप. कंसानंतर जागा सोडावी लागते ती त्यामुळेच: कमांडचं नाव आणि तिला दिलेली माहिती यांच्यात जागा नको का?

अवांतर: १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये इफसुद्धा शेलबाहेरची वेगळी कमांड होती. शेलच्या व्याकरणात आजचा इफ-देन-फाय आला तो स्टीफन बोर्न यांच्या शेलमुळे, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत. फाय आणि ईसॅक ही उलटी नावं अल्गोल ६८ ची. त्या हिशेबाने डूचा शेवट ओडीने व्हायचा, पण ओडी नावाची कमांड आधीच होती, म्हणून डन.

अवांतर संपलं. कंस ही कमांड आहे याचा एक व्यावहारिक परिणामही आहे. तिच्याकडेही तीन उत्तरं असतात: खरं ०, खोटं १, आणि प्रश्नच चुकला तर त्याहून मोठा आकडा, बॅशमध्ये २.

```
इफ [ "$वापर" -जीटी ९० ], देन
    एको "डिस्क भरत आली"
एल्स
    एको "जागा पुरेशी आहे"
फाय
```

वापर हा आकडा डीएफमधून (डिस्कवरची जागा सांगणारी कमांड) काढलेला आहे आणि काही कारणाने रिकामा आला. मग कंस स्क्रीनवर "इंटिजर एक्सप्रेशन एक्सपेक्टेड" अशी कुरकुर करतो, २ देतो, आणि इफ जातो एल्समध्ये. जागा पुरेशी आहे! कोणी मोजलीच नाही, तरी पुरेशी.

म्हणून मी वाईट बातमी एल्समध्ये ठेवतो. अट अशी लिहायची की सगळं ठीक असल्याचं *सिद्ध* झालं तरच देन. बाकी खोटं, चूक, कमांड गायब, जे काही असेल ते एल्समध्ये पडू दे आणि तिथे बोंब होऊ दे. वरच्या उदाहरणात -जीटी ९० च्या जागी -एलई ९० करून शाखा उलट्या केल्या की झालं.

---

कट्टेकरी

एवढी चर्चा कशाला? वर सेट -ई लिहा. कुठलीही कमांड पडली की स्क्रिप्ट थांबते. विषय संपला.

---

उत्तररात्र

@कट्टेकरी, खडीसाखर यांच्या स्क्रिप्टला सेट -ई लावून बघा काय होतं.

डिस्क नाही: माउंटपॉइंट पडतो, पण तो इफच्या अटीत आहे. अटीतल्या अपयशाकडे सेट -ई काणाडोळा करतो, करायलाच हवा. इफचा कोड ०. मेल नाही. म्हणजे मूळ दुखणं जसंच्या तसं.

डिस्क आहे पण आरसिंक पडला: आता सेट -ई जागा होतो आणि स्क्रिप्ट तिथेच मारतो. मेलची ओळ खाली आहे, तिथवर कोणी पोहोचतच नाही. म्हणजे आधी निदान हा मेल यायचा, आता तोही गेला.

---

कट्टेकरी

हं. हे डोक्यात आलं नव्हतं. पण फंक्शनमध्ये टाकून इफ बॅकअप; देन असं विचारलं तर? आतली पहिली पडलेली कमांड फंक्शन थांबवेल, कोड बाहेर येईल, एल्समध्ये मेल.

---

उत्तररात्र

थांबवेल असं आपल्याला वाटतं. बघा हं:

```
सेट -ई
बॅकअप() {
    सीडी /बॅकअप/जुने
    आरएम -आरएफ ./*
    एको "जागा मोकळी केली"
}
इफ बॅकअप, देन
    एको "यश"
फाय
```

/बॅकअप/जुने नाही. सीडी (त्या फोल्डरात जाणारी कमांड) पडला. सेट -ई आहे, तर थांबायला हवं ना? नाही थांबत. फंक्शन इफच्या अटीत बोलावलंय, त्यामुळे ते संपेपर्यंत *आतल्या सगळ्या ओळींसाठी* सेट -ई निष्प्रभ असतो. आरएम (सगळं पुसणारी कमांड) चालतो, स्क्रिप्ट ज्या फोल्डरात उभी असेल त्या फोल्डरात. मग एको, त्याचा ०, तोच फंक्शनचा कोड. "यश".

क्रॉनमधून चाललं तर ते फोल्डर म्हणजे त्या यूजरचं होम. पुढचं सांगत नाही.

हेच फंक्शन नुसतं, इफशिवाय, बोलावलं तर सीडीवरच थांबतं. म्हणजे फंक्शन सुरक्षित आहे की नाही हे ते कोण कसं बोलावतंय त्यावर ठरतं. फंक्शनच्या आत आणखी एकदा सेट -ई लिहूनही उपयोग नाही. && आणि || च्या डाव्या बाजूला किंवा ! च्या मागे बोलावलं तरी हेच.

सेट -ई वापरू नका असं नाही, मीही वापरते. पण जिथे चुकून चालणार नाही तिथे हाताने लिहायचं: सीडी /बॅकअप/जुने || रिटर्न १.

---

पिंपळपार

सेट -ई चा माझा आवडता चकवा: (( मोजणी++ )). मोजणी आधी ० असेल तर त्या राशीची किंमत ०. दुहेरी कंस किंमत शून्य आली की १ हा कोड देतात, आणि स्क्रिप्ट पहिल्याच फेरीला आडवी. मोजणी=$((मोजणी+१)) लिहा, हा त्रास नाही.

---

चौकातला_खांब

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

कट्टेकरी

उत्तररात्र ताई, दंडवत. आमच्या स्क्रिप्टमधल्या सगळ्या फंक्शनवर एकदा नजर टाकतो.

---

खडीसाखर

सगळ्यांचे आभार, बरंच शिकायला मिळालं. आता नवीन आवृत्ती. क्रॉन सोडून सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) टायमरवर न्यायचा विचार आहे, म्हणजे पडलेली रात्र यादीत लाल दिसेल.

```
आरसी=०
निरोप=""

इफ माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, देन
    आरसिंक -ए /डेटा/ /बॅकअप/डेटा/ | टी /लॉग/रात्र.लॉग || आरसी=$?
एल्स
    आरसी=९९
फाय

केस $आरसी इन
    ०|२४) ;;
    ९९) निरोप="डिस्क जोडलेली नाही" ;;
    *)  निरोप="आरसिंक पडला, कोड $आरसी" ;;
ईसॅक

[ -एन "$निरोप" ] && एको "$निरोप" | मेल -एस "बॅकअप" अ‍ॅडमिन
```

२४ म्हणजे आरसिंकने यादी केली आणि कॉपी करायच्या आत काही फाइली उडाल्या. चालू सर्व्हरवर तात्पुरत्या फाइलींचं हे होतंच, म्हणून माफ केलाय. २३ माफ नाही, त्यात परवानगी नसणं वगैरे खऱ्या भानगडी येतात.

९९ मीच ठरवलेला आकडा. चालेल ना?

---

बारा_गडगड

९९ चालेल. १२६, १२७ आणि १२८ च्या वरचे टाळा, ते शेलला लागतात. सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दिसतो, म्हणून किल -९ झाला की १३७. आणि २५५ च्या पुढे जायचं नाही. कोडला आठच बिट मिळतात, ९९९ दिलात तर बाहेर २३१ येईल. २५६ दिलात तर ०, म्हणजे ठणाणा करायला गेलात आणि "सगळं ठीक" म्हणून आलात.

टीची (आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे देणारी कमांड) ओळ मात्र चुकली. पाइपलाइनचा, म्हणजे | ने जोडलेल्या कमांडचा, कोड हा शेवटच्या कमांडचा, म्हणजे टीचा. आरसिंक आपटला तरी टी खुशीत ०. वर सेट -ओ पाइपफेल घाला, मग त्यातली कुठलीही कमांड पडली तरी पाइपलाइन पडली असं धरलं जातं. बॅशमध्ये ते केव्हाचंच आहे, २०२४ च्या पॉझिक्समध्येही आलंय. किंवा पाइप काढून सरळ > ने लॉगमध्ये वळवा. रात्री स्क्रीनवर बघायला कोण बसलंय?

पाइपफेल घातलंत तर एक लक्षात असू द्या. इफ मोठी_कमांड | ग्रेप -क्यू शब्द; देन असं कुठे असेल तर ग्रेप पहिल्या सापडण्याला निघून जातो, डावीकडची कमांड तुटलेल्या पाइपात लिहायला जाते आणि १४१ घेऊन मरते. शब्द सापडूनही इफ एल्समध्ये. छोट्या आउटपुटला बहुतेक वेळा होत नाही, मोठ्याला होतं, म्हणून शोधताना जीव जातो.

---

लामणदिवा

शेवटची ओळ बघा, खडीसाखर. स्क्रिप्टचा कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड.

चांगली रात्र: निरोप रिकामा. कंस म्हणतो खोटं, कोड १. && च्या पुढचं चालत नाही. अख्ख्या ओळीचा कोड १, तोच स्क्रिप्टचा. सिस्टिमडीत लाल.

वाईट रात्र: निरोप भरलेला, मेल सुखरूप गेला, कोड ०. सिस्टिमडीत हिरवं.

बरोब्बर उलटं.

---

खडीसाखर

अरे देवा. 😀 मग शेवटी एक्झिट $आरसी?

---

लामणदिवा

हो, ते हवंच. त्याआधी २४ च्या शाखेत आरसी=० करा, नाहीतर माफ केलेली रात्रही लाल दिसेल. किंवा सर्व्हिस फाइलमध्ये सक्सेसएक्झिटस्टेटस=२४ लिहा, सिस्टिमडी तो कोड यश म्हणून मोजेल. मला स्क्रिप्टमधलं बरं वाटतं, एकाच जागी सगळं दिसतं.

आणि त्या && ऐवजी पूर्ण इफ लिहा:

```
इफ [ -एन "$निरोप" ], देन
    एको "$निरोप" | मेल -एस "बॅकअप" अ‍ॅडमिन
फाय
एक्झिट $आरसी
```

एक्झिट असल्यावर && नेही भागेल, पण ही ओळ उद्या कोणी फंक्शनच्या शेवटी उचलून नेली तर? तिथे && असेल तर चांगल्या रात्री फंक्शन १ देणार, आणि वर सेट -ई असेल तर बोलावणाऱ्या ओळीवर स्क्रिप्ट मरणार. इफ असेल तर अट खोटी, शाखा नाही, कोड शून्य. पहिल्या दिवशी ज्याला उफराटा म्हणालात तोच नियम इथे कामाला येतो.

---

साधा_माणूस

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: ज्यांचं अजून क्रॉनवरच चालतं त्यांनी एक्झिट $आरसी लिहून काय फायदा? क्रॉन बघतो का तो?

---

पिंपळपार

कोड बघून क्रॉन मेल करत नाही. स्क्रिप्टने काही छापलं तर छापलेलं मेल करतो, छापलं नाही तर गप्प, मग कोड ० असो की ९९. म्हणून क्रॉनवाल्यांनी चांगल्या रात्री काहीच छापायचं नाही आणि वाईट रात्री बोलायचं. इथे उलटं करणारे बरेच: रोज "बॅकअप सुरू", "बॅकअप संपला" छापतात, रोज मेल येतो, मग कोणीतरी त्या मेलला फिल्टर लावतो.

पण कोड तरी लिहा. उद्या हीच स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टने इफमध्ये घालून बोलावली तर तिला विचारायला काहीतरी हवं.

---

खडीसाखर

बदल केले: पाइप काढला, २४ ला आरसी=०, शेवटी इफ आणि एक्झिट. शेलचेकमधूनही काढली. केबल मुद्दाम काढून चालवली, मेल आला, एको $? वर ९९. केबल लावून चालवली, मेल नाही, ०.

आता मेल सर्व्हरच बंद असला तर काय, हा प्रश्न उरलाच. ऑनफेल्युअरमधून (सर्व्हिस पडली की दुसरं काम सुरू करणारी सिस्टिमडीची सोय) मेलऐवजी एसएमएस पाठवणारं कोणी वापरतं का इथे? वेगळा धागा काढू का?

---

बारा_गडगड

काढा. तिथे "चांगल्या रात्रीच निरोप पाठवा आणि निरोप आला नाही की दुसऱ्या मशीनने ओरडावं" यावर भांडायला मी येतोच.